दंडावरची खूण आणि शिफ्टचा तक्ता: कोल्हापूरच्या एका फौंड्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका औद्योगिक वसाहतीतली ही फौंड्री. ट्रॅक्टर आणि पंपांचे सुटे भाग ओतणारी, दोन-अडीचशे माणसांची. मोल्डिंग (साचे बनवणे), कोअर शॉप (साच्यातले गाभे बनवणे) आणि भट्टीवर कायम कामगार. नॉकआउट आणि फेटलिंगला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायला आणि ते घासायला, बहुतेक ठेकेदाराची माणसे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे.

कारखान्याला एक अर्धवेळ डॉक्टर आहेत. शहरात स्वतःचा दवाखाना, आठवड्यातून दोनदा फौंड्रीत फेरी. वाळूच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना सिलिकोसिस, म्हणजे फुफ्फुसे निबर करणारा आजार, होतो आणि सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसाला क्षय लवकर धरतो. म्हणून दर वर्षी छातीचे एक्स-रे काढायची पद्धत त्यांनीच लावून घेतली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी. प्रकरणाचा शेवटचा भाग तिच्याशीच जोडलेला आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि भट्ट्या विझल्या. परप्रांतीय कामगार मिळेल त्या वाहनाने गावी गेले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून महापालिका हद्दीबाहेरच्या कारखान्यांना अटींवर परवानगी मिळू लागली, तेव्हा मालकांपुढे प्रश्न आला की उरलेल्या माणसांत काम सुरू करायचे कसे.

नेमका पेच

त्याच सुमारास मालकांच्या मोबाईलवर जगाचा एक नकाशा आला. ज्या देशांत सगळ्या बाळांना बीसीजी, म्हणजे दंडावर खूण ठेवणारी क्षयाविरुद्धची लस, देतात ते एका रंगात, जिथे देत नाहीत ते दुसऱ्या. इटली, अमेरिका, नेदरलँड्स दुसऱ्या रंगात, आणि मृत्यूंचे आकडेही तिथेच फुगलेले. नकाशामागे खरोखरच एक अभ्यास होता. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी मार्चअखेर तो तज्ज्ञांच्या तपासणीआधीच्या मसुद्याच्या रूपात खुला केला होता.

मालकांनी डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टर, आपल्या पोरांच्या दंडाला खूण हाय, इटलीवाल्यांच्या न्हाई. सरळ हिशोब हाय की!"

ते एवढ्यावरच थांबले असते तर प्रकरण लिहायची गरज पडली नसती. पण त्यांनी मनुष्यबळ विभागाला कामाला लावले होते. गेटवर प्रत्येकाची डावी बाही वर करून पाहायची, खूण आहे की नाही ते रजिस्टरमध्ये लिहायचे आणि त्यावरून शिफ्टचा तक्ता बनवायचा. खूण असलेले नॉकआउट, फेटलिंग, कँटीन अशा दाटीच्या जागी. खूण नसलेल्यांनी तूर्त घरी थांबायचे, अर्ध्या पगारावर. आणि बीसीजीच्या कुप्या मिळाल्या तर या खूण नसलेल्यांना टोचून कामावर घ्यायचे, अशी पुढची पायरी. डॉक्टरांकडून हवी होती ती फक्त सही आणि कुप्यांची सोय.

या मालकांना अडाणी म्हणणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. ऑर्डरी अडकलेल्या, बँकेचे हप्ते सुरू, आणि विषाणूविरुद्ध नवी लस कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी शंभर वर्षे वापरात असलेली, स्वस्त, आपल्याच देशात बनणारी लस कामी येईल ही कल्पना कोणालाही धरून ठेवील. जगातले नावाजलेले संशोधकही तेव्हा त्याच कल्पनेची चाचणी घ्यायला निघाले होते.

डॉक्टरांनी काय तपासले

डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत मागितली. या मुदतीत त्यांनी एका प्रश्नाचे दोन केले, आणि माझ्या मते प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बाळपणी टोचलेली बीसीजी आज कोरोनापासून वाचवते का, हा पहिला. आज नव्याने टोचलेली बीसीजी पुढचे काही महिने वाचवील का, हा दुसरा. नकाशा पहिल्याबद्दल बोलत होता, आणि मालक त्याच्या बळावर दोन्हींची उत्तरे गृहीत धरत होते.

दुसऱ्या प्रश्नात तथ्य असू शकत होते. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा तो एका बाळाला दिला. तीच ही बीसीजी. ती क्षयाखेरीज इतर संसर्गांतही थोडा हात देते असे पूर्वीपासून दिसत होते. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच बीसीजी दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू घटल्याचे डेन्मार्कच्या पीटर आबी यांच्या गटाने नोंदवले होते. नेदरलँड्सचे मिहाय नेतेया यांनी त्याची कारणमीमांसाही मांडली होती. रक्तातल्या, कोणताही परका जंतू दिसला की धावून जाणाऱ्या पेशी बीसीजीमुळे अधिक तल्लख होतात आणि काही काळ तशाच राहतात. याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हणतात. पण हा काही काळ महिन्यांत मोजायचा, फार तर वर्षभर. १९८५ साली टोचलेल्या बाळाच्या पेशी २०२० मध्ये तशाच तल्लख असतील, असे त्या संशोधनातही कोणी म्हणत नव्हते.

आता नकाशा. बऱ्याच श्रीमंत देशांनी क्षय आटोक्यात आल्यावर सरसकट बीसीजी बंद केली, काहींनी ती कधी सुरूच केली नव्हती. त्याच देशांत म्हाताऱ्यांचे प्रमाण जास्त, विमानांची वर्दळ जास्त, तपासण्याही जास्त. साथ तिथे आधी पोचली आणि आधी मोजली गेली. गरीब, तरुण देशांत ती उशिरा पोचत होती. म्हणजे नकाशातले दोन रंग लसीचे होते तितकेच वयाचे, पैशाचे आणि वेळेचेही होते. १२ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेनेही जवळपास हेच सांगितले. बीसीजी कोरोनापासून वाचवते याचा पुरावा नाही, आणि चाचण्यांचे निकाल येईपर्यंत त्यासाठी ती देऊ नये.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे खुणेवरून शिफ्ट. त्याची हवा रजिस्टरची पहिली पाने पाहिल्यावरच गेली. खूण नाही असे लिहिलेले बहुतेक जण पन्नाशीपुढचे निघाले. आपल्याकडे बीसीजीची सामूहिक मोहीम १९५१ पासून होती, पण जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती देण्याचा विस्तारित कार्यक्रम १९७८ पासूनचा. त्यामुळे तरुण दंडांवर खुणा आणि म्हाताऱ्या दंडांवर नाहीत, हे ओघानेच आले. घोळ आणखी होता. भट्टीवरच्या एका जुन्या माणसाच्या दंडावरची देवीच्या लसीची मोठी खूण सुपरवायझरने बीसीजीची म्हणून लिहून टाकली होती. उलट, बीसीजी घेऊनही काहींच्या दंडावर वण उठत नाही, काहींचा वर्षांनी पुसट होतो. कामगार प्रतिनिधी वेगळ्याच मुद्द्यावर अडले होते. "खूण नाही हा काय आमचा गुन्हा हाय? अर्ध्या पगारात घर चालवून दाखवा."

दुसरा पर्याय सगळ्यांना नव्याने टोचायचा. इथे डॉक्टर काही वेळ तरी डळमळले, असे त्यांनी नंतर मला सांगितले. तोटा काय, एक टोचणी तर आहे, असे वाटून. तोटे होते. बीसीजी हा जिवंत जंतू. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला, विशेषतः एचआयव्ही असलेल्याला, तो देत नाहीत, आणि कारखान्यात कोणाला काय आहे हे गेटवर विचारता येत नाही. शरीरात क्षयाचा जंतू आधीच सुप्त असलेल्या प्रौढांत टोचल्या जागी गळू होण्याची शक्यता वाढते. ही लस कातडीच्या आत नेमकी भरावी लागते, खाली गेली की गळू आलेच, आणि तो हात रोज बाळांना टोचणाऱ्या सिस्टरांचा असतो. सर्वांत मोठी बाब म्हणजे कुप्या बाळांच्या होत्या. मेंदूज्वरासारख्या क्षयाच्या जीवघेण्या प्रकारांपासून बाळाला वाचवणे, हे बीसीजीचे पक्के सिद्ध झालेले काम. कारखान्यांनी कुप्या उचलायला सुरुवात केली असती तर प्रसूतिगृहांत तुटवडा पडायला वेळ लागला नसता.

याच टप्प्यावर एक धोकादायक गोष्ट घडता घडता टळली. एका औषध पुरवठादाराने "बीसीजी आहे, हवी तेवढी" असे कळवले. डॉक्टरांनी लेबलचा फोटो मागवला. ती मूत्राशयाच्या कर्करोगासाठीची बीसीजी होती, नळीने मूत्राशयात सोडायची. तिच्या एका कुपीत लसीच्या मात्रेच्या कित्येकशे पट जंतू असतात. दंडात ती टोचली गेली असती तर काय झाले असते, याची कल्पना करायला डॉक्टर असावे लागत नाही.

तिसरा पर्याय चाचणीत सहभागी व्हायचा. आपल्याकडे पुढे जुलैमध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचा साठीपुढच्यांवरचा अभ्यास जाहीर झाला. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या फौंड्रीला जोडून घेता येईल असे काही नव्हते.

चौथा पर्याय म्हणजे बीसीजीचा विषय बंद करून संसर्ग पसरतो कसा याकडे बघायचे. मालकांना तो मिळमिळीत वाटला. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते, नकाशा तर मुळीच नव्हता.

काय ठरले, काय केले

डॉक्टरांनी सही नाकारली. पण केवळ नकार देऊन ते बाहेर पडले नाहीत, आणि मालकांनी ऐकले ते त्यामुळेच असे मला वाटते. त्यांनी मालकांच्याच भाषेत मांडले. खुणेवरून तक्ता लावला तर भट्टीवरचे आणि मोल्डिंगचे सगळे मुरलेले हात घरी बसतील. मग ओतकाम करणार कोण?

तक्ता मग वयावर आणि आजारांवर लागला. पन्नाशीपुढचे, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, पूर्वी क्षय झालेले आणि एक्स-रेत संशय असलेले कामगार मोकळ्या शेडमध्ये. शिफ्टचे ठरलेले गट, एका गटातला माणूस दुसऱ्यात जाणार नाही. चहाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी. फौंड्रीत मास्क आधीपासून होते, पण धुळीसाठीचे आणि पुढे झडप असलेले. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, म्हणजे घालणारा वाचतो आणि शेजारचा नाही. ते बदलले.

खरी ओढाताण झाली ती पगारावर. ताप-खोकला आला की घरी राहायचे आणि त्या दिवसांचा पूर्ण पगार मिळायचा, असा आग्रह डॉक्टरांनी धरला. पगार कापला तर कोणी खोकला सांगणार नाही, गोळी घेऊन कामावर येईल, हे त्यांना दवाखान्यातल्या अनुभवावरून ठाऊक होते. मालक कायम कामगारांसाठी तयार झाले. ठेक्यावरच्यांसाठी झाले नाहीत. ती जबाबदारी ठेकेदाराची म्हणून सोडून दिली.

पुढे काय झाले

ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये कोल्हापुरात पहिली लाट शिगेला पोचली तेव्हा कारखान्यातही रुग्ण निघाले. पण उंच छपराच्या मोल्डिंग शेडमध्ये कमी. जास्त निघाले ते वातानुकूलित कार्यालयात आणि गावाकडून कामगार आणणाऱ्या भाड्याच्या गाडीत. गाडीचा विचार कोणीच केला नव्हता.

दुसरी लाट वेगळी होती. जून २०२१ मध्ये राज्यात इतरत्र ती ओसरू लागली, तरी कोल्हापूर जिल्ह्यातले बाधितांचे प्रमाण खाली येत नव्हते. सगळ्या बाळांना बीसीजी देणारा आपला देश त्या वसंतात ऑक्सिजनसाठी धावत होता. नकाशातले बाकीचे रंगही तोवर विटले होते. स्पेनने सरसकट बीसीजी लवकर बंद केली, शेजारच्या पोर्तुगालने ती दशकानुदशके चालू ठेवली, म्हणून २०२० च्या वसंतात पोर्तुगालचे उदाहरण दिले जाई. जानेवारी २०२१ च्या अखेरीस लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक रुग्ण आणि मृत्यू याच पोर्तुगालमध्ये होते. सरसकट बीसीजी देणाऱ्या पेरूने तर जगातल्या सर्वांत भीषण मृत्युदरांपैकी एक पाहिला.

फौंड्रीतले दोन जुने कामगार दुसऱ्या लाटेत गेले. एक तरुण कोअरमेकर, दंडावर ठसठशीत खूण असलेला, बरेच दिवस ऑक्सिजनवर राहून परतला. त्यानंतरच्या बैठकीत मालकांनी जुने रजिस्टर पुन्हा काढले. गेलेले दोघेही खूण नसलेल्यांत होते. आजारी पडून घरीच बरे झालेले बहुतेक खूण असलेले. "बघा डॉक्टर, मी म्हणत होतो तेच झालं का न्हाई?"

आकडे खरोखरच तसे दिसत होते. डॉक्टरांनी रजिस्टर घेऊन खुणेच्या रकान्याशेजारी जन्मवर्ष लिहिले आणि मालकांपुढे सरकवले. खूण नसलेले जवळजवळ सगळे पन्नाशीपुढचे, असलेले जवळजवळ सगळे त्याच्या आतले. कोरोना वयाप्रमाणे मारतो. खुणेच्या जागी "केस पांढरे" असा रकाना असता तरी हाच निकाल लागला असता. एकाच वयाचे, काही खूण असलेले आणि काही नसलेले, असे पुरेसे कामगार असते तर तुलनेला अर्थ होता. तसे इस्रायलमध्ये झाले होते. तिथे १९८२ पर्यंत सगळ्या बाळांना बीसीजी देत आणि मग ती पद्धत थांबली. १९७९ ते १९८१ मध्ये जन्मलेले आणि १९८३ ते १९८५ मध्ये जन्मलेले अशी तुलना मे २०२० मध्येच प्रसिद्ध झाली. तपासणी केलेल्यांपैकी बाधित निघाले लस घेतलेल्या गटात ११.७ टक्के आणि न घेतलेल्या गटात १०.४ टक्के. फरक म्हणावा असा नाही. वय जवळपास सारखे ठेवले की खुणेचा प्रताप नाहीसा होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे नव्याने टोचण्याचे, मोठे उत्तर यायला २०२३ उजाडले. मेलबर्नहून चालवलेल्या, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, स्पेन, ब्रिटन आणि ब्राझील या पाच देशांतल्या ब्रेस चाचणीत ३,९८८ आरोग्य कर्मचाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बीसीजी किंवा नुसते मिठाचे पाणी टोचले. सहा महिन्यांत लक्षणांसह कोरोना झाला तो बीसीजी गटात १४.७ टक्के जणांना आणि दुसऱ्या गटात १२.३ टक्के जणांना. दक्षिण आफ्रिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत आणि नेदरलँड्समधल्या ज्येष्ठांतही संरक्षण दिसले नाही. अमेरिकेत लहानपणापासूनचा मधुमेह असलेल्या १४४ जणांच्या छोट्या चाचणीत मात्र बीसीजीच्या अनेक मात्रांनंतर कोरोना ठळकपणे कमी आढळला. म्हणून प्रशिक्षित प्रतिकारशक्तीची कल्पना मोडीत निघाली असे मी म्हणणार नाही. पण एका टोचणीने आख्खी लोकसंख्या महामारीतून तरेल, ही आशा टिकली नाही.

वेगळे काय करता आले असते

गेटवरची बाही-तपासणी डॉक्टरांना विचारण्याआधीच सुरू झाली होती, तरी ती त्या दिवशीच थांबवता आली असती. डॉक्टरांनी तक्ता नाकारला, पण रजिस्टर मनुष्यबळ विभागातच राहिले, आणि वर्षभराने तेच चुकीच्या निष्कर्षासाठी वर आले. एखादी नोंद ठेवायची असेल तर ती कशासाठी आणि कोणाकडे, हे नोंद सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. ठेक्यावरच्या माणसांना आजारपणाचा पगार न देणे हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय होता. फेटलिंगमधून लक्षणांची तक्रार जवळजवळ आलीच नाही, आणि तिथे सगळे ठणठणीत होते यावर माझा विश्वास नाही.

एक गोष्ट तेव्हा कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती. २०२० चे छातीचे एक्स-रे पुढे ढकलले गेले. फेटलिंगमधला एक तिशीतला कामगार त्या हिवाळ्यात दोन महिने खोकत होता. कोरोनाची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. थुंकीची तपासणी झाली ती वजन उतरल्यावर. फुफ्फुसाचा क्षय. दंडावर खूण होती. यात नवल नाही. तमिळनाडूच्या चेंगलपट्टू भागात १९६८ पासून चाललेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीने प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिल्याचे दिसले नव्हते. देशभरातही तेच चालले होते. २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. आजार घटला म्हणून नव्हे. दवाखाने गाठता येईनात, आणि क्षयाच्या तपासणीची यंत्रेही कोरोनाला जुंपली गेली. क्षयाच्या लसीवर बैठका घेणाऱ्या कारखान्यात क्षयाकडेच पाहायचे राहून गेले.

एक्स-रे २०२२ पासून पुन्हा दर वर्षी होतात, आणि खोकला दोन आठवडे टिकला की कोरोना असो वा नसो, थुंकी तपासायची असा नियम आहे. फेटलिंगच्या जागी धूळ ओढून घेणारे पंखे बसले आहेत. ठेक्यावरच्या माणसांचा एक्स-रे कोणाच्या खर्चाने, हा वाद मात्र हे लिहीपर्यंत मिटलेला नाही. ठेकेदार दर वर्षी बदलतो, त्याच्याबरोबर निम्मी माणसेही बदलतात, आणि सर्वांत जास्त धूळ खाणारे तेच आहेत.